लिहिलं म्हणजे नक्की कुठे लिहिलं?

मॅकवर कधी मेमरी कार्डावर लिनक्सची इमेज लिहिली आहे का? रास्पबेरी पायसाठी म्हणा किंवा जुना लॅपटॉप पुन्हा जिवंत करायला म्हणा. लिहिली असेल तर डीडी कमांड चालवताना कुणीतरी तुम्हाला एक सल्ला नक्की दिला असेल. "अरे, /डेव्ह/डिस्क२ नको देऊस, /डेव्ह/आरडिस्क२ दे. पटकन होईल." आणि खरंच होतं. कार्ड तेच, रीडर तोच, इमेज तीच. फक्त नावाआधी एक 'आर' लावला की रखडणारं काम धावायला लागतं.

गंमत म्हणजे हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे, पण हा आर कुठून आला असं विचारलं तर बहुतेक जण खांदे उडवतात. माझ्या एका सहकाऱ्याला तो 'रॅपिड'मधला आर वाटायचा :-) तो आहे 'रॉ'मधला. एकाच डिस्कला ऑपरेटिंग सिस्टिमने दोन दारं ठेवली आहेत. एक बफरचं, म्हणजे मधल्या साठवणीतून जाणारं. दुसरं रॉ, म्हणजे थेट. वेग हा त्या दुसऱ्या दाराचा केवळ एक फायदा झाला. खरा मुद्दा वेगळाच आहे आणि आजचा लेख त्याबद्दल.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग भांडायला मोकळे. तो एक आर हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या दुनियेतलं एक अतिशय प्रामाणिक अक्षर आहे. "मी तुझा डेटा मध्ये ठेवून घेतोय" आणि "मी तुझा डेटा थेट डिस्ककडे देतोय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते नावातच सांगतं. आपल्यापैकी बहुतेकांची उपजीविका ज्या लिनक्सवर चालते तिथे हा भेद नावातून गेला आणि एका फ्लॅगमध्ये जाऊन बसला. त्याची किंमत आपण मोजली आहे. कशी, ते पुढे येईलच.

आधी थोडं मूलभूत. जाणकारांनी हे दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालेल.

तुमचा प्रोग्राम राइट हा सिस्टिम कॉल करतो तेव्हा डेटा सहसा डिस्कवर जात नाही. कर्नल तो स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतो, त्या पानावर 'डर्टी' अशी खूण करतो आणि प्रोग्रामला सांगतो, "झालं!" प्रोग्राम खूश होऊन पुढे जातो. ती पानं डिस्कवर कधी जायची हे कर्नल सवडीने ठरवतो. लिनक्सच्या मूळ सेटिंग्जप्रमाणे कर्नल दर ५ सेकंदांनी जागा होऊन बघतो आणि ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ डर्टी असलेली पानं लिहायला काढतो. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या खिडकीवर अर्ज दिला की पोच म्हणून शिक्का मिळतो ना, तसंच हे. शिक्क्याचा अर्थ "अर्ज मिळाला" इतकाच. साहेबांची सही झाली असा त्याचा अर्थ कुणी शहाणा माणूस घेत नाही. प्रोग्रामर मात्र सर्रास घेतात!

बफर काही उगाच ठेवलेला नाही. तोच ब्लॉक पुन्हा पुन्हा वाचायचा असेल तर दर वेळी डिस्कपर्यंत जावं लागत नाही. एकाच ब्लॉकवर दहा वेळा लिहिलं तर डिस्कवर कदाचित एकदाच लिहावं लागतं. तुम्ही ७ बाइट लिहा नाहीतर ७००, कर्नल ते पूर्ण ब्लॉकमध्ये नीट बसवून देतो. डिस्कच्या सोयीने लिहिण्याचा क्रमही बदलता येतो. हे सगळं काढून टाकलं तर तुमचं मशीन रांगायला लागेल.

रॉ दाराला हे लाड ठाऊक नाहीत. कर्नल तुमच्या प्रोग्रामची मेमरी तात्पुरती जागच्या जागी खिळवतो आणि डिस्क कंट्रोलर थेट तिथून डेटा उचलतो. मधली नक्कल नाही, मधली साठवण नाही. पण अटी कडक. मोजमाप पूर्ण सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ किंवा ४०९६ बाइटच्या पटीत. सुरुवात सेक्टरच्या सीमेवरच. ७ बाइट घेऊन गेलात तर दारातूनच परत पाठवतात. बदल्यात दोन गोष्टी मिळतात. कॉल परत आला म्हणजे डेटा डिस्कच्या हातात पडलेला असतो. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काही चुकलं तर ती चूक ज्याने लिहिलं त्यालाच, त्याच कॉलमध्ये, तिथल्या तिथे कळते.

(भाषेतली एक गंमत. रॉ म्हणजे कच्चं. पण व्यापाऱ्याच्या हिशेबाने पाहिलं तर बफर ही कच्ची वही आणि रॉ दार ही पक्की वही. नाव ठेवणाऱ्याने वाण्याच्या दुकानात कधी काम केलं नसावं.)

युनिक्समध्ये या दोन दारांना 'ब्लॉक डिव्हाइस' आणि 'कॅरेक्टर डिव्हाइस' म्हणतात. एलएस कमांडच्या लांब यादीत ओळीच्या सुरुवातीला बी किंवा सी दिसतो, तो हाच. कॅरेक्टर हे नाव जरा फसवं आहे, कारण रॉ डिस्क काही एकेक अक्षर देत नाही. बफर न वापरणारं जे जे काही होतं, टर्मिनल, प्रिंटर, ते सगळं त्या खोलीत गेलं आणि रॉ डिस्कही तिथेच राहायला गेली. सोलारिसमध्ये तर दोन दारांसाठी दोन वेगळ्या डिरेक्टरी आहेत, डीएसके आणि आरडीएसके. फाइल सिस्टिम तपासणारी, नवी बनवणारी किंवा डिस्कची प्रत काढणारी हत्यारं परंपरेने रॉ दारातूनच जायची.

आता मुद्द्यावर येतो.

बफरचे हे तोटे कुणा टीकाकाराने शोधून काढले असं तुम्हाला वाटेल. नाही! ज्याने युनिक्स घडवलं त्या केन थॉम्पसननेच ते लिहून ठेवले आहेत. बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलचा १९७८ सालचा युनिक्स विशेषांक प्रसिद्ध आहे. त्यात 'युनिक्स इम्प्लिमेंटेशन' हा त्याचा लेख आहे. बफरचं कौतुक करून झाल्यावर तो तीन दोष मोजतो. पहिला, लिहिणं नंतर होत असल्यामुळे चूक झाली तर ती प्रोग्रामला अर्थपूर्ण रीतीने कळवणं जवळजवळ अशक्य होतं. दुसरा, मशीन अचानक बंद पडलं तर प्रोग्रामच्या दृष्टीने पूर्ण झालेलं पण डिस्कवर न गेलेलं बरंच काम बफरमध्ये अडकलेलं असतं. तिसरा, प्रोग्रामने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने ते डिस्कवर जाईल याची खात्री नाही.

इतकी स्वच्छ कबुली आजकाल कुठल्या प्रॉडक्टच्या कागदपत्रांत मिळते, सांगा बघू?

पण आणखी एक आकडा त्याच लेखात आहे आणि मला तो फार बोलका वाटतो. त्या वेळच्या सिस्टिममध्ये बफर साधारण १० ते ७० असायचे, प्रत्येकी ५१२ बाइटचे. म्हणजे जास्तीत जास्त ३५ केबी. मशीन बंद पडलं तर बुडून बुडून बुडणार किती? ३५ केबी! आजच्या लिनक्सवर मूळ सेटिंग्ज तशाच असतील तर उपलब्ध मेमरीच्या १० टक्के पानं डर्टी झाल्यावर कर्नल मागच्या बाजूने जोरात लिहायला घेतो आणि २० टक्क्यांना लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थोपवतो. १६ जीबीच्या मशीनवर २० टक्के म्हणजे तीन जीबीच्या आसपास. ३५ केबीची उधारी आणि तीन जीबीची उधारी यात फरक आहे की नाही? उधारी वाढली, पण दुकानदाराचं "झालं!" मात्र तेच राहिलं.

या दोषांवर दोन घराण्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या.

फ्रीबीएसडीवाल्यांनी सरळ बफरचं दारच बंद केलं. फाइल सिस्टिमसाठीचा कॅशे ठेवला, पण उघड्या डिस्कला बफरमधून जाणारा रस्ता काढून टाकला. २००० सालच्या ४.० आवृत्तीपासून तिथे ब्लॉक डिव्हाइस निवृत्त झाले. आज फ्रीबीएसडीवर डिस्कची नोंद बघितली तर सुरुवातीला सी दिसतो, बी नाही. त्यांचा युक्तिवाद साधा होता. उघड्या डिस्कशी बोलणारा प्रोग्राम हा काहीतरी गंभीर काम करणारा असतो. या क्षणी डिस्कवर नक्की काय आहे हे त्याला माहीत असायलाच हवं. क्रम बदलणारा कॅशे मध्ये आला की ते कळायचा मार्गच राहत नाही. मग असं दार ठेवायचं कशाला?

लिनक्सने नेमकं उलटं केलं. डिस्कला दार एकच, बफरचं. ओरॅकलसारख्या डेटाबेसवाल्यांना ते परवडेना, कारण त्यांचा स्वतःचा कॅशे असतो. तोच डेटा एकदा डेटाबेसच्या मेमरीत आणि एकदा कर्नलच्या मेमरीत, असा दुहेरी खर्च. म्हणून २.४ मालिकेत एक रॉ ड्रायव्हर आला. त्यात डिस्कला आधी एका रॉ नावाशी बांधायचं आणि मग ते नाव वापरायचं. त्याच मालिकेत, २००१ सालच्या २.४.१० मध्ये, ओ_डायरेक्ट नावाचा फ्लॅग आला. दार तेच, फक्त आत शिरताना हळूच म्हणायचं, "मला थेट जाऊ द्या." हा फ्लॅग मूळचा एसजीआयच्या आयरिक्समधला. पुढे २०२१ साली ५.१४ कर्नलमधून तो रॉ ड्रायव्हर काढूनही टाकला. म्हणजे लिनक्सवर रॉ दाराची पाटी अधिकृतपणे उतरली.

लिनस टोरवाल्ड्सला हा फ्लॅगही कधी आवडला नाही. एखाद्या नशेतल्या भ्रमिष्ट माकडाने हे डिझाइन केलं असावं अशा अर्थाचं त्याचं २००२ सालचं वाक्य गाजलेलं आहे. त्याची भाषा सोडा, मुद्दा बघा. कर्नलला पूर्ण मशीनची माहिती असते, म्हणून प्रोग्रामने काय हवं, काय नको ते कर्नलला नीट कळवावं, कर्नलला वळसा घालून जाऊ नये. ऐकायला अगदी रास्त आहे. वेगाच्या बाबतीत बऱ्याचदा खरंही आहे.

पण खरेपणाचं काय? वेगाच्या वादात थॉम्पसनचा पहिला दोष सगळे विसरले. चूक झाली तर ती कुणाला कळणार?

उत्तर मिळालं २०१८ साली. म्हणजे थॉम्पसनच्या लेखानंतर बरोबर ४० वर्षांनी.

पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस कर्नलच्या बफरवर विश्वास ठेवून चालतो. आधी बदलांची नोंद लॉगमध्ये लिहायची, मग डेटाच्या फाइल्समध्ये बफरमधून लिहायचं, मग एफसिंक करायचं. म्हणजे कर्नलला विचारायचं, "बाबा रे, सगळं डिस्कवर गेलं का?" हो म्हणाला की लॉगचा तो भाग पुढे टाकून दिला तरी चालतो. नाही म्हणाला तर? पोस्टग्रेसचा समज असा की पुन्हा विचारायचं. कर्नलकडे पानं आहेतच, तो पुन्हा प्रयत्न करेल.

२०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या लोकांच्या लक्षात आलं की लिनक्सवर हा समजच चुकीचा आहे. लिहिताना डिस्कने चूक दिली तर कर्नल ती एकदा कळवायचा आणि त्या पानांवरची डर्टी खूण पुसून टाकायचा. दुसऱ्यांदा एफसिंक केलं की बघायला डर्टी पान उरलेलंच नाही. मग उत्तर काय? "हो, सगळं व्यवस्थित!" डेटाबेस निर्धास्तपणे लॉग टाकून देणार. डेटा ना डिस्कवर, ना लॉगमध्ये. शिवाय २०१७ च्या ४.१३ कर्नलच्या आधी तर ती एकुलती एक सूचनाही भलत्याच प्रोसेसला मिळून वाया जाऊ शकत होती. फ्रीबीएसडी मात्र अशा वेळी पान डर्टीच ठेवतो.

ज्या डेटाबेसवर लोकांचे पगार, पेन्शन, तिकिटं आणि हिशेब चालतात त्याच्या पायाखाली हे होतं. वीस वर्षं! फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांमध्ये पोस्टग्रेसने उपाय केला. एफसिंक नापास झालं की पुन्हा विचारत बसायचं नाही. सरळ सर्व्हर पाडायचा आणि लॉगवरून सगळं पुन्हा उभं करायचं. विचार करा, "कर्नल खरं बोलेल" यापेक्षा "आपण मेलेलं बरं" हा पर्याय जास्त भरवशाचा ठरला. २०२० मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या संशोधकांनी तीन फाइल सिस्टिम आणि पाच नावाजलेले प्रोग्राम घेऊन हेच तपासलं. पोस्टग्रेसबरोबर त्यात एसक्यूलाइट आणि रेडिससुद्धा होते. एफसिंक नापास झाल्यावर पूर्ण सुरक्षित राहील असा एकही निघाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी रॉ दारातूनच जावं का? अजिबात नाही. प्रत्येकाने स्वतःचा कॅशे लिहायचा म्हटलं तर दहातले नऊ तो चुकीचा लिहितील. आणि रॉ दारही काही स्वर्गाचं दार नाही. डिस्कच्या पोटात तिचा स्वतःचा कॅशे असतो. लाइट गेली की तोही रिकामा. म्हणजे डिस्कसुद्धा आवक-जावकचा शिक्काच मारते! मॅकवर तर नुसतं एफसिंक केलं तरी डिस्कच्या पोटातला कॅशे रिकामा होईल याची हमी नाही. त्यासाठी एफ_फुलएफसिंक नावाची वेगळी विनंती करावी लागते. ओ_डायरेक्टचंही तसंच. तो कॅशे टाळतो, पण टिकण्याची हमी देत नाही. काही फाइल सिस्टिम्स तर काही परिस्थितीत तो फ्लॅग स्वीकारतात आणि गुपचूप बफरचीच वाट धरतात.

म्हणूनच मला हा वाद बफर विरुद्ध रॉ असा वाटत नाही. बफर हवाच. माझी तक्रार आहे ती त्या एका "झालं!"बद्दल. इथे खरं तर तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि आपल्या भाषेत त्यांना तीन वेगळे शब्दही आहेत. लिहिलं, पोचलं आणि टिकलं. कर्नलच्या मेमरीत उतरलं म्हणजे लिहिलं. डिस्कच्या हातात पडलं म्हणजे पोचलं. लाइट गेली तरी राहील ते टिकलं. जुन्या युनिक्सची दोन नावं निदान पहिल्या दोहोंत फरक करत होती. फ्लॅगमध्ये लपवलं की तो फरक फक्त मॅन पेज वाचणाऱ्यांपुरता उरतो. आणि मॅन पेज वाचतो कोण?

हे फक्त डेटाबेसवाल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. माझ्या ओळखीचे एक दुकानदार रोज रात्री बिलिंगचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतात. पट्टी १०० टक्क्यांवर गेली की ड्राइव्ह उपसून खिशात आणि शटर खाली. एके दिवशी कॉम्प्युटर बिघडला आणि ड्राइव्हवरची शेवटची फाइल अर्धवट निघाली. त्यांचं काय चुकलं? स्क्रीनवर १०० टक्के लिहिलं होतं, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. मला तर यात त्यांचा दोष दिसत नाही. १०० टक्के हा आकडा बफरमध्ये गेल्याचा होता, ड्राइव्हवर गेल्याचा नव्हता, आणि हे त्यांना सांगणारं स्क्रीनवर काहीही नव्हतं. "सेफली रिमूव्ह" नावाचं बटण कोपऱ्यात दडवून ठेवायचं आणि मग लोक ते दाबत नाहीत म्हणून त्यांना नावं ठेवायची, हा कुठला न्याय? मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत बाहेरून लावायच्या ड्राइव्हसाठी मूळ सेटिंग बदललं. वेग थोडा कमी, पण ड्राइव्ह पटकन काढता येईल असं. मला तो निर्णय मनापासून आवडला. लोकांना शिकवत बसण्यापेक्षा त्यांच्या समजुतीप्रमाणे मशीनने वागावं.

आपण प्रोग्रामर मंडळींनी काय करावं? माझ्यापुरते मी कोड रिव्ह्यूमध्ये तीन प्रश्न ठेवले आहेत. एक, हा डेटा गेला तर कुणाचं काही बिघडेल का? नसेल तर बफर जिंदाबाद, पुढे चला. दोन, बिघडणार असेल तर एफसिंक कुठे आहे आणि त्याचं उत्तर कुणी तपासतंय का? ते न तपासणं म्हणजे प्रश्न विचारून कानात बोटं घालणं. महत्त्वाची फाइल बदलताना नव्या नावाने लिहा, एफसिंक करा, मग नाव बदला आणि डिरेक्टरीलाही एफसिंक करा. तीन, एफसिंक नापास झालं तर हा प्रोग्राम काय करतो? "पुन्हा प्रयत्न करतो" हे उत्तर आलं तर त्यांना २०१८ ची गोष्ट सांगायची.

आणि मेमरी कार्डावर इमेज लिहिणार असाल तर मॅकवर तो आर लावाच. लिनक्सवर डीडीला शेवटी एफसिंक करायला सांगा, नाहीतर कमांड संपल्यावर कार्ड काढायची घाई नको. पण पुढच्या वेळी कुणी विचारलं की हा आर कशाचा, तर वेगाचा म्हणून सांगू नका. "झालं" म्हणण्याआधी खरोखर डिस्कपर्यंत जाऊन येतो त्याचा तो आर आहे, असं सांगा.